वेल गच्च, फळ नाही : ‘फळधारणा वाढवणाऱ्या’ बाटलीचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते. पाचपैकी दोन तारे, आणि त्यातला एक बाटली गळत नाही म्हणून.

नाव लिहीत नाही. याच मजकुराच्या, याच हिरव्या लेबलच्या डझनभर बाटल्या मिळतात. माझीच्या जागी दुसरी ठेवली तरी खाली लिहिलंय त्यातलं एक वाक्य बदलावं लागणार नाही. शिवाय या प्रकरणात अर्धी चूक बाटलीची आणि अर्धी माझी आहे. माझ्या अर्ध्या चुकीवर नाव छापून यायचं नाही, मग तिच्या अर्ध्यावर तरी का?

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सहा वर्षं कायम रात्रपाळी. भाजीच्या कुंड्यांशी याचा काय संबंध, असं वाटेल. मलाही तीन महिने तसंच वाटत होतं.

गच्चीवर सहा कुंड्या टोमॅटोच्या, सहाही एकाच ट्रेमधली रोपं. दोन वांगी, दोन मिरच्या, एका मोठ्या ड्रममध्ये लाल भोपळा, दुसऱ्यात दुधी, आणि कोपऱ्यात काकडी. वाढ म्हणाल तर बघणाऱ्याने थांबून बघावं अशी. भोपळ्याचं पान ताटाएवढं, देठ अंगठ्यासारखा जाड. टोमॅटो माझ्या खांद्याला लागलेले. पानं इतकी काळीहिरवी की घरी येणारं माणूस आधी त्यांचा फोटो काढायचं आणि मग माझी विचारपूस करायचं. फळं मात्र विचारू नका. टोमॅटोच्या घोसातली फुलं देठाच्या गाठीशी पिवळी पडून टपाटप खाली. भोपळ्याला मागे इवलासा गोल फुगा असलेली फुलं यायची, मी खूश व्हायची, आणि चौथ्या दिवशी तो फुगा पिवळा पडून सुरकुतलेला. दुधीचंही तेच, फक्त लांबट.

माझं निदान ठरलेलं होतं: फुलगळ. आणि फुलगळीवर बाटली मिळते.

लेबलवर मोठ्या अक्षरात तीन दावे होते: फुलगळ थांबवते, फळधारणा वाढवते, मादी फुलांचं प्रमाण सुधारते. बारीक अक्षरात, भिंग लावून वाचावं लागलं तिथे, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो आम्लं, थोडं बोरॉन, आणि शेवटच्या ओळीत ‘एकूण नत्र’ (म्हणजे नायट्रोजन). हा शेवटचा शब्द मी तेव्हा वाचला आणि सोडून दिला. रोज रिपोर्टवरचे आकडे तपासणाऱ्या बाईने शेवटची ओळ सोडावी याची आजही लाज वाटते.

मात्रा एकरी दिलेली: 200 लिटर पाण्याला 500 मिली. माझ्याकडे एकर नाही, तेरा कुंड्या आहेत. म्हणजे लिटरला अडीच मिली, हे गणित मी केलं. सगळेच करतील असं नाही. झाकणावर मापाची रेघ नाही. मी सिरिंजने मोजलं, पण ज्यांच्या घरात सिरिंज पडलेल्या नसतात ते ‘एक झाकण’ ओतणार आणि एक झाकण म्हणजे किती हे देवाला ठाऊक. द्रव काळपट, समुद्रकाठच्या कुजक्या शेवाळाचा वास, तो हाताला संध्याकाळपर्यंत राहतो. तळाशी गाळ बसतो. हलवून वापरा असं लिहिलंय, पण हलवलं तरी आठव्या-दहाव्या दिवशी फवारणीचं नोझल चोंदतं; कापडातून गाळून घ्यावं लागलं. फवारा सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मारा, दर सात दिवसांनी. उघड्या फुलांवर मारू नका, हे कुठेही नाही.

मी दुपारी उठते, म्हणून संध्याकाळी मारायची. साडेपाच-सहाच्या सुमाराला. दुधीचं पांढरं फूल नेमकं त्याच वेळेला उमलतं हे मला दिसत होतं, नाही असं नाही. सुंदर दिसतं म्हणून त्याच्यावर जरा जास्तच फवारायची.

एक बरं केलं. सवय म्हणून म्हणा, टोमॅटोच्या सहा कुंड्यांचे तीन भाग पाडले. दोन कुंड्यांना बाटलीचं पाणी. दोन कुंड्यांना त्याच वेळेला, तितकंच साधं पाणी. उरलेल्या दोन सुरुवातीला नुसत्याच ठेवल्या, त्यांचं पुढे काय केलं ते येईलच. लॅबमध्ये कंट्रोल लावल्याशिवाय आम्ही नमुना चालवत नाही; घरी मात्र लोक, मीसुद्धा, एकाच झाडावर औषध मारतो आणि ते सुधारलं की श्रेय औषधाला देतो. झाड आपोआपही सुधारतं. हवामान बदलतं, रोप वयात येतं, किडे परततात. साध्या पाण्याची कुंडी शेजारी नसेल तर यातलं काही कळत नाही.

पाच आठवड्यांनी बाटलीच्या दोन कुंड्यांत मिळून 7 टोमॅटो धरले होते. साध्या पाण्याच्या दोन कुंड्यांत 8. सहा कुंड्यांवरून शास्त्र ठरत नाही, मला मान्य आहे. पण मी बाटली शास्त्र ठरवायला आणली नव्हती, टोमॅटो धरायला आणली होती. फरक एकाच गोष्टीत दिसला: बाटलीच्या कुंड्यांना बगलफूट, म्हणजे पानांच्या बगलेतून फुटणारे कोंब, जोरात आली. पानं आणखी काळी.

लेबलवरच्या नंबरला फोन केला. पलीकडचा मुलगा अगदी नम्र होता.

“मॅडम, डोस वाढवून बघा. आठवड्यातून दोनदा करा.”

“अहो, पण फुलात पराग पोचतोय की नाही हे कसं कळणार?”

“त्यासाठीच तर आहे मॅडम आपलं प्रॉडक्ट.”

आता गंमत बघा, या मुलाच्या उत्तरापेक्षा शेजारच्या काकूंचा एक प्रश्न जास्त कामाला आला. त्या गच्चीवर कपडे वाळत घालायला येतात. सकाळी, म्हणजे मी घरी येऊन झोपते तेव्हा. एकदा जिन्यात भेटल्या. “अगं, तुझ्या भोपळ्याला काय सुंदर पिवळी फुलं येतात सकाळी, नुसतं बघत राहावं. पण एवढी फुलं, आणि मधमाशी एकही कशी दिसत नाही गं?”

मी म्हटलं, “काकू, माझ्या भोपळ्याची फुलं उघडतात?”

खरंच हे विचारलं मी. कारण मी ती कधी उघडी पाहिलीच नव्हती. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन तापलं की मिटतं. दहा-अकरापर्यंत खेळ संपलेला असतो, कडक उन्हात त्याही आधी. मादी फूल एकच सकाळ उघडं राहतं, दुसरी संधी नाही. मी पावणेनऊला घरी, नवाला अंथरुणात, आणि गच्चीवर जायची ती संध्याकाळी. तेव्हा सगळी फुलं मिटलेल्या छत्रीसारखी. त्यालाच मी ‘फुलगळ’ समजत होते.

पुढच्या सुट्टीला पहाटे साडेपाचला गच्चीवर गेले. तिथे जे दिसलं त्याने माझं निम्मं काम केलं. सात नर फुलं, एक मादी. ओळखायला सोपं: नर फूल सरळ बारीक देठावर उभं, मध्ये पिवळ्या पिठाने माखलेली एक कांडी. मादीच्या मागे छोटा भोपळा, आणि आत तीन जाडजूड, चिकट पाकळ्यांसारखी कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग. मी त्या कुक्षीकडे भिंगातून पाहिलं. ओली, चकचकीत, आणि स्वच्छ. पिवळा कण एक नाही. साडेआठपर्यंत बसले. दोन मुंग्या आल्या आणि गेल्या. मधमाशी खरोखरच एकही नाही. इमारत उंच, आजूबाजूला फुलाचं दुसरं झाड नाही. ती तरी कशाला येईल?

म्हणजे मागचा तो फुगा रोगाने गळत नव्हता. तो भोपळा कधी धरलाच नव्हता. परागकण न पोचलेली बीजांडकोशाची गाठ दोन-चार दिवस वाट बघते आणि वेल ती टाकून देतो. यावर फवारून काहीच उपयोग नाही, कारण वेलात काही बिघडलेलंच नाही. (एक सावधगिरी: कोवळ्या फळावर टाचणीसारखं टोचलेलं छिद्र आणि आत अळ्या असतील तर ती फळमाशी, तो निराळा विषय. पराग न मिळालेलं फळ टोकाकडून पिवळं पडून सुकतं, त्याला छिद्र नसतं.)

आता तो फवारा. मला शंका होती की ओल्या फुलाचं काही बरं होत नसावं. भोपळ्याची उद्या उमलणारी एक नर कळी संध्याकाळी खुडली, ओल्या टिश्यूत गुंडाळून नळीत घातली आणि कामावर घेऊन गेले. पहाटे पाचला ती तिथेच तोंड उघडू लागली. साहेबांना सांगू नका, पण नमुने संपले होते आणि मायक्रोस्कोप रिकामा होता. एका काचपट्टीवर कोरडा पराग, दुसरीवर पराग आणि साध्या पाण्याचा थेंब.

आमची रोजची तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. भोपळ्याचा परागकण शंभराच्या पुढे, काटेरी चेंडूसारखा. सगळ्यात लहान लेन्सखालीसुद्धा डोळ्यांत भरतो. कोरड्या पट्टीवर ते ऐटीत बसले होते. पाण्याच्या पट्टीवर आधी टम्म फुगले, मग कणाकणाच्या अंगावरची झाकणं उचलली गेली आणि आतला ऐवज धुरासारखा बाहेर आला. मिनिटाभरातला खेळ. रक्तात साधं पाणी मिसळलं तर तांबड्या पेशी अशाच फुटतात, म्हणून तर आम्ही सलाईन वापरतो. कारणही तेच: आत दाट, बाहेर पातळ, पाणी आत घुसतं. हे मी वीस वर्षांपूर्वी शिकले होते आणि दर आठवड्याला संध्याकाळी दुधीच्या उमललेल्या फुलावर फवारा मारत होते.

इथे बाटलीची अर्धी चूक. ‘उमललेल्या फुलांवर फवारू नये’ ही चार शब्दांची ओळ लेबलवर हवी होती. किडे येणाऱ्या बागेत तर दुप्पट हवी. दाव्यांची अक्षरं थोडी लहान केली असती तर जागा होती.

मग मी दुसरी वस्तू आणली, चित्रकलेचा चार नंबरचा मऊ ब्रश. याचाही अनुभव लिहिते, कारण ‘हाताने परागीभवन’ म्हटलं की सगळे ब्रशच सांगतात. भोपळ्याला ब्रश लागत नाही. नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, उरलेली कांडी म्हणजेच ब्रश; ती मादीच्या तिन्ही भागांवर हलकेच फिरवायची. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. ब्रशच्या केसांत निम्मा पराग अडकून राहतो. काकडीच्या लहानशा फुलाला मात्र ब्रशच बरा, तिथे बोटं पुरत नाहीत. कुक्षीचे तिन्ही भाग माखायला हवेत, हे चुकून शिकले: एका काकडीला घाईत एकाच बाजूला पराग लावला, ती काकडी कोयत्यासारखी वाकडी आणि टोकाला सुतासारखी बारीक झाली. ज्या बाजूला बी धरत नाही ती बाजू फुगत नाही. (काही काकड्यांच्या जाती परागाशिवायही फळ धरतात, बियांच्या पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. तुमची तशी असेल तर तिला हात लावू नका.)

दुधीची वेळ माझ्या पाळीला धार्जिणी निघाली. संध्याकाळी उमलतो, रात्री पतंगांची वाट बघतो. मी ड्यूटीला निघताना, युनिफॉर्म घालून, पर्स खांद्याला लावून दोन मिनिटं गच्चीवर जाते, फुलाला फूल लावते, देठाला लाल दोरा बांधते आणि निघते. दोरा तारीख लक्षात राहावी म्हणून. धरलं असेल तर दोन-तीन दिवसांत देठ खाली झुकतो, फळाला तकाकी येते, लव उठून दिसते. पहिला दोरा बांधला त्याच्या चौथ्या दिवशी दुधी बोटभर लांब होता. मी गच्चीवर एकटीच मोठ्याने हसले.

वेलवर्गाची घड्याळं एकसारखी नाहीत, हे यातून कळलेलं सगळ्यात उपयोगी. भोपळा, काकडी, कारलं सकाळी. घोसाळी सकाळी, पण त्याच घराण्यातला दोडका दुपारनंतर. दुधी आणि पडवळ संध्याकाळी. तुमचं फूल कधी उमलतं ते आधी बघा, मग कशावर पैसे घालायचे ते ठरवा. आणि हेही: वेलाला पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलंच येतात. तेव्हा फळ नाही म्हणून घाबरून बाटली आणणारी मी पहिली नसेन. पंधरा दिवसांनी मादी फुलं येतात आणि बाटलीवाले म्हणतात, बघा, मादी फुलांचं प्रमाण सुधारलं.

आता टोमॅटो. त्याची गोष्ट वेगळी. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, दुसरं फूल शोधायची गरज नाही. पण परागकोश एकमेकांना चिकटून शंकू बनलेला असतो, पराग आतल्या बाजूला सुटतो आणि टोकाशी असलेल्या वाटेने, मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा, हलवल्यावर बाहेर येतो. वारा हलवतो, भुंगे हलवतात. भुंगा फुलाला लटकतो, पंख न फडकवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि पराग झडून पडतो. साध्या मधमाशीला ही कला येत नाही. काचघरात टोमॅटो पिकवणारे पूर्वी हातात थरथरणारं यंत्र घेऊन रांगांमधून फिरायचे. 1980 च्या दशकाच्या शेवटी पाळीव भुंग्यांच्या पेट्या मिळू लागल्या तेव्हा त्यांचे हात मोकळे झाले. माझी गच्ची तीन बाजूंनी भिंतीची, वारा नाही, भुंगा नाही.

तिसरी वस्तू म्हणून घरातला बॅटरीवरचा टूथब्रश काढला. डोकं जुनं झालं म्हणून टाकायला काढलेला. त्या नुसत्याच ठेवलेल्या दोन कुंड्यांवर वापरायला घेतला. फुलाला लावायचा नाही, फूल तुटतं, हे एक फूल तोडून शिकले. फुलामागच्या घोसाच्या देठाला ब्रशची पाठ टेकवायची, दोन-तीन सेकंद. पहिल्यांदा केलं तेव्हा फुलाखाली मोबाइलचं काळं कव्हर धरलं होतं. त्यावर पिवळी धूळ पडली. हळदीच्या डबीला टिचकी मारल्यावर उडते तेवढीच, पण काळ्यावर स्वच्छ दिसली. हेच आठवडेन् आठवडे आतच अडकून पडलं होतं.

वेळ दुपारची चांगली, हवा कोरडी असते तेव्हा. दमट हवेत पराग गोळा होऊन चिकटतो आणि फार कोरड्या हवेत कुक्षी सुकते. मी दोनला उठते, चहा ठेवते आणि तो उकळेपर्यंत दोन्ही कुंड्या होतात. एक दिवसाआड. त्याच पाच आठवड्यांत त्या दोन कुंड्यांत 19 टोमॅटो. बाटलीचे 7, पाण्याचे 8, टाकाऊ टूथब्रशचे 19. कुंड्या दोन-दोनच, पण एवढ्या फरकानंतर उरलेल्या चारही कुंड्यांना मी तोच ब्रश लावला. अर्थात मग माझा कंट्रोल संपला. असो, शोधनिबंध लिहायचा नव्हता.

टूथब्रशच्या तक्रारी: बॅटरी उतरली की थरथर मंदावते आणि पराग पडत नाही, आवाजावरून कळतं. आणि उन्हाळा चढला तेव्हा त्यानेही हात टेकले. दिवसा 32 अंशांच्या पुढे आणि रात्री पारा 21-22 च्या खाली उतरेना, तेव्हा टोमॅटोचा परागच नीट तयार होत नाही. काही फुलांत कुक्षी शंकूच्या बाहेर लांब निघते आणि पराग तिला चुकतो. त्या तीन आठवड्यांत मी काळं कव्हर धरलं तर धूळ जवळपास पडतच नव्हती. दुपारची सावलीची जाळी बांधली, झाडं जगवली, फुलांची आशा सोडली. थंडीतही, रात्री 13 च्या खाली गेल्या की हेच होतं म्हणतात. हे कुठल्या बाटलीने थांबत नाही आणि कुठल्या ब्रशनेही नाही.

आता माझी अर्धी चूक, जी मी इतका वेळ पुढे ढकलतेय. खत. दर आठवड्याला 19:19:19 (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं खत), महिन्याला गांडूळखत, मध्येच पेंडीचं पाणी, आणि त्यावर ही बाटली, जिच्या शेवटच्या ओळीत नत्र होतंच. झाडाला नत्र भरपूर मिळालं की ते पानं आणि फांद्या करत बसतं, फुलाकडे वळायला त्याला काही घाई नसते. वेलांना फुलं आली तरी नरांचीच गर्दी होते. आणि पानं इतकी दाट होतात की आतल्या फुलांना ऊन नाही, वारा नाही. काळ्याहिरव्या पानांचे फोटो काढणारे पाहुणे खरं तर माझ्या चुकीचे फोटो काढत होते.

यावर मी 0:52:34 आणणार होते, सगळे तेच सांगतात: नत्र बंद, स्फुरद-पालाश चालू, फुलंच फुलं. आणलं नाही. कुंडीत गांडूळखताने स्फुरद आधीच भरपूर होतं, आणि स्फुरद गरजेपेक्षा जास्त झालं की लोह आणि जस्त झाडाला घेता येत नाही. मी फक्त थांबले. चार आठवडे काहीही नाही, पाणीही माती वरून सुकल्यावरच. टोमॅटोची बगलफूट खुडली, भोपळ्याची आतली जुनी पानं काढली. दुधीचा मुख्य शेंडा खुडला, कारण त्याच्या बाजूच्या फांद्यांवर मादी फुलं लवकर आणि जास्त येतात. तिसऱ्या आठवड्यानंतर नवीन पानं फिक्या, साध्या हिरव्या रंगाची आली. आई म्हणाली, “अगं, तुझी झाडं आजारी दिसताहेत.” त्या आठवड्यात भोपळ्याला तीन मादी कळ्या होत्या.

वांग्याचं थोडक्यात, कारण तिथे मी फार काही केलं नाही. वांग्याच्या काही फुलांत मधली काडी परागकोशांच्या आतच बुटकी राहते. ती फुलं गळतातच, त्यांच्यावर जीव टाकू नये. जिथे काडीचं हिरवं टोक पिवळ्या शंकूतून टाचणीच्या डोक्यासारखं बाहेर दिसतं ते फूल धरतं. त्यांनाही टूथब्रश चालतो. मिरचीची फुलगळ मात्र फुलकिड्यांमुळे होती. फूल पांढऱ्या कागदावर झटकलं तर डोळ्याला दिसतील न दिसतील असे किडे पळत सुटले. तिथे ना बाटली, ना ब्रश, आधी किडे.

आता बाटलीला न्याय. आत जे आहे ते खोटं नाही. बोरॉन हवंच असतं. परागकण कुक्षीवर पडल्यावर त्यातून नळी फुटून खाली बीजांडापर्यंत जाते, त्या नळीच्या वाढीला बोरॉन लागतं. प्रयोगशाळेत पराग रुजवतात त्या द्रावणात साखरेबरोबर बोरिक आम्ल घालतात ते त्यासाठीच. वाळूसारखी हलकी, धुपलेली माती असेल, तिथे बोरॉन कमी पडत असेल, तर अशा बाटलीने फरक पडेल. पण माझ्या कुंडीत त्याची वाण नव्हती. आणि बोरॉन हे असं की कमी आणि जास्त यांच्यात अंतर थोडं. जास्त झालं की पानांच्या कडा जळतात. त्यामुळे ‘डोस वाढवा मॅडम’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकला. दुसरा तारा बोरॉनला. उरलेले तीन कापले ते यासाठी: कुंडीसाठी मात्रा नाही, उघड्या फुलांबद्दल इशारा नाही, आणि पराग पोचलाच नाही तर काय, याबद्दल एक अक्षर नाही.

बाटली पाऊण शिल्लक आहे. तुमच्या मादी फुलात पिवळा पराग दिसत असेल, किडे येत असतील, खत बेताचं असेल, ऊन सहा तास असेल आणि तरीही फळ धरत नसेल, तर घेऊन जा, देते.

आज संध्याकाळी बघितलं तर भोपळ्याची चौथी मादी कळी टोकाला केशरी झाली आहे, म्हणजे उद्या पहाटे उमलणार. उद्या माझी सुट्टी नाही. दोन नर कळ्या आत्ताच खुडून पाण्याच्या ग्लासात घातल्या, त्या उद्या तिथेच उमलतील, आणि ग्लास काकूंच्या खिडकीत ठेवून आले. त्यांना पाकळ्या सोलायच्या कशा ते दाखवलं. “सातच्या आत हं काकू.” त्या म्हणाल्या, “अगं, मी पाचलाच उठते. तू जा निवांत.”

लाल दोरा ग्लासाला गुंडाळून ठेवला आहे.